खिडकीतून पाहिलेलं बेट

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंग पितळेचं, वरून काळं चामडं, आणि डावा डोळा अधू. कीव करू नका, मला खपत नाही. मी जेवढं पाहिलंय तेवढं तुमच्यातल्या पुष्कळांनी दोन धडधाकट डोळ्यांनीही पाहिलेलं नसेल.

माझा जन्म भिंगं घासणाऱ्यांच्या कारखान्यात झाला. तिथं एकेक काच इतकी घासली, इतकी घासली, की शेवटी मध्ये काच आहे की नाही तेच कळेना. तिथून मी एका बोटीच्या कप्तानाकडे गेले. त्यानं मला धुक्यात वापरलं, वादळात वापरलं, चहा पिता पिताही वापरलं. म्हातारपणी जमिनीवर उतरला, तेव्हा त्यानं मला बंदरातल्या एका घड्याळजींना देऊन टाकलं.

घड्याळजींचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. वरच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि समुद्रात पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाएवढं एक बेट. माझ्यातून पाहिलं, की त्याच बुचावर पडका किल्ला दिसायचा, दीपस्तंभ दिसायचा, तटाकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या आणि वाऱ्यानं एका अंगाला कललेलं झाडसुद्धा. घड्याळजी आणि त्यांची बायको, मी तिला नुसतं बाई म्हणते, रोज संध्याकाळी मला आळीपाळीनं डोळ्यांना लावायची आणि बेत आखायची. उन्हाळ्यातली गर्दी ओसरली, शरदाचं पहिलं ऊन पडलं, की जायचं. सकाळच्या बोटीनं जायचं, किल्ला बघायचा, झाडाखाली डबा खायचा, दीपस्तंभाशेजारच्या पाहुणेघरात मुक्काम करायचा.

"जेवल्यावर मी झाडाखाली आडवी होणार," बाई बजावायची. "उठवायचं नाही."

"आणि दुसऱ्या दिवशीची बोट सुटली तर?"

"तर सुटली. तुम्ही पोहत जा."

बेत असा रंगायचा, की ऐकता ऐकता मलाच बोट लागायची. पण जाणं काही व्हायचं नाही. गावच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज किल्ली द्यायचं काम घड्याळजींकडे होतं, आणि बेटावर गेलेली बोट दुसऱ्या दिवशीच परतायची. एक दिवस दुसऱ्या कुणी किल्ली दिली असती, तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण घड्याळजींचा दुसऱ्याच्या हातावर काडीचा विश्वास नव्हता.

"अहो, ते घड्याळ काय माझ्या आधी आलंय का तुमच्या आयुष्यात?"

"आलंय. चांगलं दोन वर्षं आधी."

"मग त्यालाच सांगा रात्री पाय चेपायला."

मग दोघं हसायची, आणि पुढच्या शरदाचा बेत सुरू. मी मनात म्हणायची, अरे शहाण्यांनो, दूरचं जवळ दाखवणं एवढंच माझं काम. तुम्हाला उचलून तिथं नेऊ कशी?

पुढं मनोऱ्यावर विजेचं घड्याळ बसलं. आता जातील, असं मला वाटलं. पण माणसाची जात विचित्र. किल्ली द्यायचं काम गेलं आणि घड्याळजींचीच किल्ली उतरली. ते खिडकीशी येईनासे झाले. मला त्यांनी फडक्यात गुंडाळलं, पेटीत घातलं आणि पेटी कपाटात ठेवली. "चांगली वस्तू आहे. निघायच्या दिवशी काढू," म्हणाले.

इथं चुकलं. घड्याळजी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले, की घड्याळ चालतं ठेवा, नुसतं ठेवलं तर आतलं तेल घट्ट होतं. आणि माझ्या वेळी हे शहाणपण कुठं गेलं? समुद्राकाठची दमट हवा, त्यात बंद पेटी. माझ्या डाव्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली. वादळांना जे साधलं नाही ते जपणुकीनं साधलं. अंधारात मी खोकला ऐकला, डॉक्टरांची कुजबुज ऐकली, आणि मग घरात एकाच माणसाची पावलं. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही.

एके दिवशी पेटी उघडली. समोर बाई. केस पांढरेशुभ्र. तिनं मला डोळ्यांना लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. "मेला मोतीबिंदू!" ती स्वतःच्याच डोळ्यावर खेकसली. मग एकेक डोळा मिटून पाहिलं, तेव्हा कळलं दोष कुणाचा. ती मला घेऊन चष्मेवाल्याकडे गेली. त्यानं आत डोकावून मान हलवली.

"आजी, बुरशीनं काच खाल्ली. एक बाजू गेली."

"एक उरलीय ना? मग झालं. माझ्या घरातही एकच उरलंय."

बाईनं बेटावर जायचं ठरवलं, हे कळताच तिची परगावची लेक आली ती कंबर कसूनच. "आई, या वयात एकटी बेटावर? पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ."

"पुढचं वर्ष मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"अगं, पायऱ्या किती आहेत तिथं!"

"मला सांगतेस? पायऱ्या तोंडपाठ आहेत माझ्या. फक्त पायांना ठाऊक नाहीत."

शरद नुकताच लागला होता. तो सरला की थंडीतल्या वादळांमुळे बोटी बंद, आणि पुढचा शरद कुणी पाहिलाय? बाई निघाली. मला गळ्यात अडकवलं.

बेटावर सगळं जागच्या जागी होतं. धापा टाकत ती वर पोचली, पण मला तिनं डोळ्यांना लावलंच नाही. कशाला लावेल? सगळं हाताशी होतं. जन्मात पहिल्यांदाच मी बिनकामाची झाले. ती तटाच्या कठड्यावर बसली आणि शेजारी मला ठेवलं. "बसा," हळूच म्हणाली. मला नाही, मित्रांनो. मी एवढी खुळी नाही.

तेवढ्यात एक दमलेली प्रवासीण आली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आजी, इथं कुणी बसलंय का?"

बाई माझ्याकडे बघत राहिली. खाली लाटा आपटत होत्या. मग तिनं मला उचलून मांडीवर घेतलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

आता मी खिडकीत उघडीच असते. बाई मला रोज पुसते, पण बेटाकडे बघत नाही. पाहून झालं, म्हणते. दुर्बिणीतून बघणारं कुणी नसलं, तर समोर समुद्र असूनही तिला काही दिसत नाही.

म्हणून सांगते, तुमच्या कपाटात एखादी चांगली वस्तू गुंडाळून ठेवलेली असेल तर आधी बाहेर काढा. तिला चरे पडू द्यात, बोटांचे ठसे उमटू द्यात. वापरा, पुसा, पुन्हा वापरा. आणि कुणाबरोबर कुठं जायचा बेत आखून ठेवला असेल, तर त्या माणसाला आजच हाक मारा. ओ देणारं कुणी आहे, तोवर मारा.