मनकर्णाच्या मापाचं स्टूल

गावातला हरिदास आज सकाळी त्याच्या बायकोला, छायाबाईला घेऊन आला. तिचा खुबा बदलायचा आहे. माझ्या बायकोचा, मनकर्णाचा, चार वर्षांपूर्वी बदलला होता, म्हणून मला विचारायला आला.

"अण्णाजी, कोणता सांधा चांगला? सिरॅमिकचा का धातूचा? महागाचाच सांगू का डॉक्टरले?"

मीही तेव्हा वर्ध्याला असंच विचारलं होतं. डॉक्टरांनी मात्र मनकर्णाला विचारलं, "दिवसभर काय करता? बसता कुठे?"

उत्तर मीच दिलं. "घरीच असते जी. खुर्चीवर बसते. तिले काई काम नाई." असं सांगितलं की ऑपरेशन सोपं होईल, असं मला वाटलं.

डॉक्टर नेहमीचा सांधा लिहू लागले. खूप वर्षं टिकेल, पण खाली बसायचं नाही, म्हणाले. मनकर्णा उठताना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मंग वावरात यायच्यासंग जेवू कशी?"

"घरी जेव ना. घरी काय होते?"

"घरी तुम्ही टीव्हीसंग जेवता. माह्यासंग वावरातच जेवता."

डॉक्टर हसले. मला कुठे पाहावं कळेना. एकोणतीस वर्षं ती हिंगणी गावातून शिदोरी घेऊन वावरात येत होती. मी समजत होतो, डबा द्यायला येते.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. गोळ्यावर आणखी एक गोळा फिरतो असा सांधा बसवू, तो सहसा निसटत नाही, म्हणाले. तरी भुईवर नको, बसताना खुबा गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

मी तिच्या गुडघ्याच्या मापानं सागाच्या फळ्यांचं स्टूल केलं. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी ती वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुलिंबाखाली त्यावर बसली, मी भुईवर.

"मी सरपंच अन् तुम्ही अर्ज घेऊन आलेले," म्हणाली. "वर बसा."

मग मी दुसरं स्टूल केलं.

सांधा वीस वर्षं टिकला असता. ती दोन वर्षांनी हार्ट अटॅकनं गेली. सांध्यानं एकदाही त्रास दिला नाही.

आज हरिदासला म्हटलं, "कोणता घ्यावा ते डॉक्टरले समजते. तू फक्त तोंड बंद ठेवजो. छायाबाईले बोलू देजो."

"यायचं तोंड बंद?" छायाबाई हरिदासकडे पाहत म्हणाली. "त्याचं ऑपरेशन पयले करा लागन!"

निघताना तिला ओसरीवरचं मनकर्णाचं स्टूल दिसलं. "हे नेऊ का, अण्णाजी?"

तिला खुर्चीवर बसवलं आणि सुतळीनं टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. मनकर्णापेक्षा दोन बोटं जास्त भरलं.

"हे तुमच्या मापाचं नाई," मी म्हणालो. "दुसरं करून देतो."

सुतळीला गाठ मारून ठेवली आहे. फळ्या गोठ्यात आहेत. उद्या कापायला घेतो.