तीन बोटं कमी

दिवाळीत माझ्या मुलीला, शिवांजलीला, काय हवं म्हणून कुणी विचारलं असतं, तर तिनं फटाके, कपडे, सायकल यांतलं काहीही मागितलं नसतं. तिला तीन बोटं उंची हवी होती, आणि तीही नाताळच्या सुट्टीच्या आत.

याचं मूळ गेल्या वर्षीच्या सहलीत होतं. घाटाखालचं ते पाळण्यांचं आणि पाण्याचं मोठं पार्क बघायला आम्ही आणि कोरेगावचा माझा मेहुणा धैर्यशील, दोन्ही घरं मिळून गेलो होतो. तिथं जो सगळ्यात मोठा पाळणा आहे, म्हणजे रुळावरून माणसांना उलटंपालटं करत नेणारी ती गाडी, तिच्या दारात एक लोखंडी खांब आहे आणि खांबावर साडेचार फुटांवर लाल पट्टा ओढलेला आहे. तिथल्या माणसानं शिवांजलीच्या डोक्यावर तळहात आडवा धरला, पट्ट्याकडे बघितलं आणि तिला अगदी अदबीनं बाजूला केलं. तिच्यापेक्षा अकरा दिवसांनी लहान असलेला तिचा मामेभाऊ राजवर्धन मात्र आत गेला. तो रांगेतून वर जाऊन, किंचाळून परत येईपर्यंत वीस मिनिटं माझी पोरगी त्याच्या चपला हातात धरून खाली उभी होती. रडली नाही, हट्ट केला नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "पप्पा, पुढच्या वर्षी." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या चपलांसकट तिचा चेहरा मी वर्षभर विसरू शकलो नाही.

म्हणून या वर्षी पंचवीस डिसेंबरची तयारी दिवाळीपासूनच सुरू झाली. धैर्यशील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं मोबाइलवर गट काढला आणि लढाईला निघाल्यासारखे हुकूम सोडायला सुरुवात केली. पहाटे पाचला तासगाव सोडायचं, साडेसहाला सातारा रोडवरच्या ठरलेल्या हॉटेलापाशी दोन्ही गाड्या, चहाला पंधरा मिनिटं, त्यात लघवी धरून. माझी बायको माया दशम्या किती, शेंगदाण्याची चटणी कोरडी की तेलातली, पाण्यात भिजायचे कपडे वेगळ्या पिशवीत की एकाच, यावर रोज भावाशी फोनवर वाद घालत होती. मी स्वतः पार्कचा नकाशा मोबाइलवरून छापून आणला आणि कोणत्या पाळण्याला किती वाजता रांग कमी असते याचा अभ्यास केला. द्राक्षाच्या फवारणीचं वेळापत्रकसुद्धा मी इतक्या मन लावून कधी केलेलं नाही.

भाऊबिजेला धैर्यशील ओवाळून घ्यायला आला तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकटीशी सगळ्यांना उभं करून मापं घेतली. शिवांजलीच्या खुणेपासून साडेचार फुटाच्या खुणेपर्यंत बरोबर तीन बोटं भरली. सगळे उभे राहिले म्हणून मीही राहिलो. पाच फूट आठ इंच, पेन्सिलची रेघ, पुढं तारीख.

"दाजी," धैर्यशील म्हणाला, "द्राक्षाचा घड लांबवताय, मग पोरीला लांबवायला काय हुतंय?"

"मगात बुडवू का तिला?" मी म्हणालो, आणि पोरगी खरंच आशेनं माझ्याकडे बघायला लागली. घड लांब व्हावा म्हणून आम्ही तो औषधाच्या मगात बुडवून काढतो, हे तिला माहीत होतं. मग तिला धीर यावा म्हणून मी माझी जुनी बढाई मारली. चौकटीवरच्या खालच्या जुन्या रेघा दाखवल्या. फौजेच्या भरतीच्या वर्षी मीही असाच कमी पडत होतो आणि दोन महिन्यांत चार बोटं वाढलो होतो. उंचीत पास झालो आणि कानाच्या तपासणीत परत आलो, हा भाग मी नेहमीप्रमाणे गाळला. "आपल्या घराण्यातच हाय ते," मी म्हणालो. चुलीपाशी बसलेल्या आईनं, साळूबाईनं, एकदा वर बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

पुढच्या रविवारी शिवांजली अर्धं बोट वाढली होती.

मायाला खरं वाटेना. तिनं पोरीची टाच जमिनीला टेकली आहे ना ते बघितलं, केसांचा फुगा दाबला, पुस्तक आडवं धरून पुन्हा रेघ मारली. अर्धं बोट ते अर्धंच बोट. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अर्धं. घरात नुसता जल्लोष. गटावर फोटो गेला, धैर्यशीलनं सलाम ठोकणारी दहा चित्रं पाठवली, आणि मी त्या संध्याकाळी भडंगाचं मोठं पाकीट आणून अख्ख्या गल्लीला वाटलं. पोरगी दारावरून लोंबकळत होती, दूध मागून पीत होती, आरशासमोर उभी राहून मान ताणत होती. रविवार कधी येतो असं तिच्याइतकंच मलाही झालं होतं.

आमच्या बागेत एक आडवी तार आहे. ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी, द्राक्षवेलींच्या मंडपाखाली, नेमकी माझ्या कपाळाच्या वरच्या कडेला. गेली वीस-बावीस वर्षं मी तिथं वाकून जातो. न वाकता गेलो तेव्हा तेव्हा कपाळ फुटलेलं आहे. मंडप माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, जोतीरामांनी, मी चौथीत असताना बांधला. ते ठेंगणे होते. मला आठवतात ते तेलाचा रिकामा डबा पायाखाली घेऊन तारा आवळताना, आणि एवढ्या बुटक्या माणसानं एवढा उंच मंडप कशाला बांधला म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची. तर त्या गुरुवारी सकाळी मी व्हॉल्व्ह फिरवायला गेलो, फिरवून परत आलो, आणि बांधावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाकलो नव्हतो.

परत गेलो. तारेखाली ताठ उभा राहिलो. तार केसांना लागत होती, पण नुसती लागत होती. तार सैल झाली असेल तर ती खाली यायला हवी, वर कशी जाईल, हा विचार मी तिथंच सोडून दिला, कारण त्या दिवशी मला टायरची हवा आणि पोरांसाठी पोहण्याचे चष्मे अशी दोन कामं होती.

मग पाय. मोटरसायकलवर बसलो की माझे दोन्ही पाय सपाट टेकायचे, ते आता चवड्यावर टेकायला लागले. विजारीचे काठ टाचेखाली येऊन मळायला लागले. माया एकदा जेवताना म्हणाली, "आवं, तुमी पोक काढून चालायला लागलाय का? खांदं पडल्यासारखं दिसत्यात." मी म्हणालो, डिपिंगचं, घड बुडवायचं काम वाकून असतं, पाठ धरली असेल. तिनं रात्री पाठीला तेल लावून दिलं. बिचारी मन लावून चोळत होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विरळणी निघाली. म्हणजे घडातले काही मणी कात्रीनं काढून टाकायचे, की उरलेले चांगले फुगतात. या कामाला बायका येतात, पण आईचा हात अजून सगळ्यांत साफ. मी तिच्या शेजारच्या वेलीला उभा होतो. तिनं दोन घड विरळून काढले. मग घडावरची नजर न काढता म्हणाली, "पोरगी किती ऱ्हायली आता?"

"एक बोट," मी म्हणालो. मला ते सांगताना हसू आवरेना. "अजून दोन आठवडं हायती. बसतंय गणित."

"बसंल की," आई म्हणाली. कात्री चालत होती आणि हिरवे कोवळे मणी तिच्या पायाशी पडत होते. "वेलात हाय तेवढंच त्यो देणार. हितलं काढलं की तितलं फुगतंय."

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो, डोक्यावर पुस्तक धरलं, स्वतःच हात मागं नेऊन रेघ मारली आणि वळून बघितलं. भाऊबिजेची रेघ वर होती. मधे दोन बोटं भरली. शेजारी शिवांजलीच्या रेघा होत्या, एकावर एक चढत गेलेल्या, प्रत्येकीपुढं तिच्या अक्षरात तारीख आणि एक हसरा चेहरा. तिथंही मी बोटं लावली. दोन. मग थुंकी लावून मी माझी नवी रेघ पुसून टाकली आणि पाणी प्यायलो.  त्या वेळी मनात काय आलं तेही सांगतो: अजून एकच राहिलं.

पुढचे दोन रविवार मी माप घेताना पोरीच्या पाठीमागं उभा राहिलो, म्हणजे कुणाचं लक्ष माझ्याकडे जाऊ नये. पहिल्याला अर्धं बोट आलं. दुसऱ्याला काहीच आलं नाही. पेन्सिल जुन्या रेघेवरूनच फिरली. शिवांजलीनं टाचा दाबून दाबून पुन्हा मोजायला लावलं आणि मग दप्तर भरायला बसली. धैर्यशीलनं गटावर लिहिलं की जाड तळव्याचे बूट घाला. माया म्हणाली की तिथं बूट काढायला लावतात. आणि माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा त्या चपला आल्या.

चोवीस तारखेला संध्याकाळी आई परसात चूल पेटवत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो.

"आई," मी म्हणालो, "दादा पहिल्यापास्नं बुटकेच हुतं का गं?"

ती फुंकणीतून फुंकत राहिली. जाळ लागल्यावर तिनं फुंकणी खाली ठेवली.

"मंडप बांदला तवा," ती म्हणाली, "तुजा बापबी त्या तारंखालनं वाकून जायचा."

मी चुलीत एक काटकी सरकवली. लहानपणी बाप मोठाच दिसतो, म्हणून मला कधी काही वाटलं नव्हतं. भरतीच्या वर्षीची माझी ती चार बोटं. आणि मी कानात नापास होऊन तिसऱ्या दिवशी घरी आलो होतो, तेव्हा त्यांनी स्टँडवरून माझी पेटी खांद्यावर घेतली होती आणि घरापर्यंत खाली ठेवली नव्हती. त्यानंतरची पंधरा वर्षं ते डब्यावर चढून तारा आवळत राहिले.

"थांबवता येतंय का?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," आई म्हणाली. "त्यानं कवा इच्यारलं न्हाई."

आत शिवांजली पिशवीत पोहण्याचा चष्मा भरत होती, काढत होती, पुन्हा भरत होती. मी आत गेलो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. फक्त ठेवला. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "पप्पा, उद्या सकाळी परत एकदा मोजायचं?"

"मोजायचं की," मी म्हणालो. आणि मनातल्या मनात, अगदी पक्कं, घे म्हणालो.

सकाळी साडेचारला दिवा लावून मायानं पुस्तक आडवं धरलं. रेघ साडेचार फुटाच्या खुणेच्या दोऱ्याएवढी वर गेली. माया मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. पोरीनं अंगणात तीन फेऱ्या मारल्या, आणि मी मोबाइलवर धैर्यशीलला फोन लावून ओरडून सांगितलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. आईनं आमच्यासोबत यायला नकार दिला. विजेची पाळी सकाळची आहे, बागेला पाणी कोण देणार, म्हणाली. मी घाईघाईनं खुंटीवरची इस्त्री केलेली नवी विजार चढवली, आणि जन्मभर गाडी चालवलेल्या माणसानं गाडीची सीट एक खाच पुढं ओढून घेतली.

तासगाव मागं पडलं. उसाच्या शेतांवर धुकं होतं. मागं माया दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन डुलकी काढत होती आणि शेजारी शिवांजली माझा छापलेला नकाशा मोबाइलच्या उजेडात वाचत होती. पाळण्यांची नावं, कुठं आधी जायचं, राजवर्धनला कसं मागं टाकायचं, सगळं तिनं मला दोनदा सांगितलं. मी हसत होतो, खरोखरच हसत होतो. ब्रेकवर पाय नेताना पावलाच्या वर काहीतरी टोचलं.

सिग्नलला मी वाकून बघितलं. विजारीची दुमड नवी होती, आतून हातानं घातलेली, बारीक, सरळ टाक्यांची, बरोबर तीन बोटांची. सुई तशीच खोचलेली होती. मला वाटलं, आई म्हातारी झाली, विसरली असेल. पण टाक्यांना गाठ मारलेली होती, आणि गाठीपुढं वीतभर दोरा न तोडता सुईत तसाच ओवून, नीट गुंडाळून ठेवलेला होता.

"पप्पा," शिवांजली नकाशावरून मान वर न काढता म्हणाली, "पुढच्या वर्षी एक नवा पाळणा येणार हाय म्हणं. त्याला पाच फूट लागत्यात."

मी सुई काढली नाही.