बगलफुटीचं पोतं

"कोयता दे," एव्हर्टन दारातूनच म्हणाला. "घावलाय."

टेकडीवर शंख वाजत होता. वर्लीनच्या मांडीवर तापाने फणफणलेली तिची छोटी जोडीन होती. बे रमच्या औषधी अर्कात भिजवलेला बोळा पोरीच्या कपाळावरून फिरवता फिरवताच ती उठली, दारामागचा कोयता काढला आणि मूठ भावाकडे करून त्याला दिला. घरात लहान मूल आल्यापासून धारेची प्रत्येक वस्तू ती अशीच देत असे.

"पळण्याजोगे पाय ठेवू नका मेल्याला," ती म्हणाली.

उंबऱ्यावरून उडी टाकून एव्हर्टन उताराला लागला.

हॅना पेन गावात महिन्याभरात तीनदा चोरी झाली होती. चोर नुसती ढोबळी मिरची नेत नव्हते, फांद्यांसकट ओरबाडत होते. मिस आयनेझची तर अख्खी ओळ आडवी करून गेले. पोलीस आले, लिहून घेतलं, लिन्वलच्या दुकानात थंड प्यायले आणि गेले. मग त्याच दुकानात खिळ्याला शंख टांगला गेला. एरवी तो मासळी आली की वाजायचा. आता चोर दिसेल त्याने तो फुंकायचा आणि ऐकेल त्याने हातात येईल ते घेऊन धावायचं, असं गावाच्या बैठकीत ठरलं. वर्लीनचा नवरा क्लाइव्ह वर्षातले सहा महिने कॅनडात सफरचंदं तोडायला जायचा. मागे ती आणि पोर. त्या बैठकीत तिने सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

पायांचा धडधडाट उतारावरून खाली गेला. मग पहिली किंकाळी आली. पुरुषाचीच, पण शेवटाला बकरीसारखी चिरकलेली. वर्लीनने खिडकी लावून घेतली नाही. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

औषधाची वेळ झाली का म्हणून तिने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

दोऱ्यांची वेळ.

बाटलीला बूच न लावताच तिने ती खाली ठेवली. पोर झालं तेव्हापासून असं एकदाही झालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी भाजीपाला प्रकल्पाच्या बाई किंग्स्टनहून आल्या आणि गावातल्या सहा जणांना पांढऱ्या जाळीची शेडनेट उभारून मिळाली. आत ठिबक, दोऱ्यांवर टांगलेले टोमॅटो. जाळीतून कीड आत येत नाही, तशा मधमाश्याही येत नाहीत. म्हणून रोज दहा ते बाराच्या दरम्यान एकेका झाडाच्या दोरीला काठीने टिचकी मारायची, म्हणजे फुलातली पूड झडते आणि फळ धरतं. दोन दिवस चुकलं की फुलगळ. गाव हसलं. झाडांना गुदगुल्या करणारे, असं नावच पडलं सहा जणांचं. अडीनडीला एकाने दुसऱ्याच्या दोऱ्या हलवायच्या म्हणून बाईंनी जोड्या लावून दिल्या. वर्लीनचा जोडीदार मास ओसी.

मास ओसी साठीचा, एकटा. डोंगरापलीकडून तरुणपणी ऊस तोडायला आला आणि इथेच राहिला. पस्तीस-चाळीस वर्षं झाली तरी गावाच्या लेखी तो पलीकडचाच. चार शेळ्या, एक टोपी, आणि बोलणं जे काय ते झाडांशी. प्रत्येक दोरीला टिचकी मारताना म्हणायचा, "मॉर्निंग, मॅडम." जोडीन झाली तेव्हा टोपीभर टोमॅटो वर्लीनच्या पायरीवर ठेवून, दार न वाजवता निघून गेला होता.

आज सकाळी तो शेळ्या घेऊन चालला असताना वर्लीनने कुंपणावरून हाक मारली होती. पोरगी तापलीये, आज माझ्या दोऱ्या तुम्हीच बघा. तो म्हणाला होता, बगलफूटही काढतो. फांदीच्या बेचक्यातले ते नको असलेले कोंब शेडमध्ये पडू द्यायचे नाहीत, रोग होतो, अशी बाईंची सक्त ताकीद. मास ओसी ते पोत्यात भरून शेळ्यांना घालायचा.

खांद्याला पोतं लावून, झाडाझाडापाशी हात घालत चाललेला माणूस. जाळीबाहेरून कसा दिसला असेल, ते वर्लीनला उतारावरून धावताना दिसत होतं. कडेवर जोडीन गदगदत होती.

तिच्या शेडची जाळी एका अंगाने फाटली होती. आत आठ-नऊ जण होते. बायकाही होत्या, मिस आयनेझच्या हातात कुदळीचा दांडा होता. लिन्वल लोखंडी खुंटीने मारत होता, एकेका घावाला कण्हत, ओझं उचलल्यासारखा. खाली तांबड्या मातीत मास ओसी. एक पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. तोंड वाचवायला त्याने हात वर केला होता आणि कोयता त्यावर पडला होता. पंजा मनगटापाशी कातड्यावर लोंबत होता. माणसं झाडांवर आदळत होती, त्या धक्क्यांनी साऱ्या दोऱ्या थरथरत होत्या आणि फुलांतली पिवळी पूड त्यांच्या घामेजल्या पाठींवर पडत होती.

वर्लीन ओरडली. कुणाला ऐकू गेलं नाही.

आत शिरावं तर कडेवर पोर. खाली ठेवावं तर चारी बाजूंनी पाय आणि पाती. ज्याच्यात पोर द्यावी असा रिकामा हात तिथे एकही नव्हता. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात सहा घाव पडले. ती मोजत नव्हती, पण पुढे कायम तिला तो आकडा माहीत होता.

मग पोरीला छातीशी घट्ट दाबून ती पाठमोरी आत घुसली. एक दांडा तिच्या खांद्यावर बसला, आणि जोडीनच्या किंकाळीने सगळे थांबले.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "दोऱ्या हलवायला. मीच."

एव्हर्टन धापा टाकत होता. "तोपण तेच म्हणत होता. चोर दुसरं काय म्हणणार? पोतं बघ त्याचं, भरलंय."

वर्लीनने पोतं पालथं केलं. बगलफूट. हिरवी, लुसलुशीत, ताजी. टोमॅटोच्या पानांचा उग्र वास शेडभर पसरला. फळ एकही नव्हतं. मिस आयनेझ होती तिथेच मातीत बसली.

मास ओसीचा एक डोळा उघडा होता. तो वर्लीनला म्हणाला, "तीन ओळी राहिल्या, मिस वर्ली."

लिन्वलच्याच गाडीत मागे त्याला घातलं. मोठा रस्ता लागायच्या आधीच्या वळणावर तो गेला. लिन्वल तरीही हॉर्न वाजवत इस्पितळापर्यंत गाडी मारत राहिला.

दुपारी हवालदार आला तोवर शंख पुसून खिळ्यावर गेला होता. ज्याला विचारावं तो मागाहून पोचलेला. वर्लीन घरी आली, तर धुतलेला कोयता दारामागे होता, जिथल्या तिथे. हवालदार त्यांच्या दारी आला तेव्हा तिच्या आणि एव्हर्टनच्या आईने तिला शेजारी बसवून घेतलं होतं आणि तिचं मनगट धरलं होतं.

"कोयता माझा आहे," वर्लीन हवालदाराला म्हणाली. "मी दिला. एव्हर्टनला. पाय ठेवू नका, असं म्हणूनही दिला. तेही लिहा."

आईने फाडकन तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. हवालदाराने लिहिणं थांबवलं नाही. "नवरा तिकडे, भाऊ आता आत," आई म्हणाली, "झोप रात्री आपल्या टोमॅटोंना घेऊन." अंगणातून एव्हर्टन स्वतःच पुढे आला आणि त्याने दोन्ही हात समोर धरले. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जोडीनचा ताप उतरला. दहाला वर्लीनने तिला पाठीशी बांधलं आणि मास ओसीच्या शेडनेटमध्ये गेली. त्याची चिंधी गुंडाळलेली काठी जाळीत खोचलेली होती. खांद्यावर तिने त्याचं दुसरं पोतं टाकलं. पहिली ओळ मुक्यानेच झाली. दुसऱ्या ओळीत कधीतरी तिला तो शब्द फुटला, "मॉर्निंग, मॅडम," आणि पाठीवरून जोडीनने काहीतरी हुंकार दिला.

कुंपणापाशी माणसं येऊन उभी राहत होती. लिन्वल होता, मिस आयनेझ होती. कुणी गेलं नाही. जाळीतून त्यांना दिसत होतं ते एवढंच, की खांद्याला पोतं लावलेलं कुणीतरी झाडाझाडापाशी हात घालत पुढे सरकतंय.