भरल्या गाडीचं माप

मी बोलतेय. असं इकडेतिकडे बघू नका, दवाखान्याच्या आवारात दुसरी गाडी नाहीच. अंगभर चिखलाचे शिंतोडे, टपावर बांधलेलं जादा चाक आणि मागच्या दाराला दोरीनं लटकवलेला लाकडी स्टूल, तीच मी. चारही चाकांना इंजिनाचं बळ मिळतं, अशी दगडधोंड्यांच्या वाटांसाठी घडवलेली. वय झालंय, पण ते मला कुणी तोंडावर सांगितलेलं आवडत नाही.

जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि माझं बोनेट बसवताना गुणगुणणारी एक बाई, एवढंच काय ते. माझे पहिले धनी जमिनीखालचं पाणी शोधत हिंडायचे. ज्याला रस्ता म्हणायला जीभ धजणार नाही, अशा ठिकाणी आम्ही दोघं जाऊन आलो. रोज संध्याकाळी ते माझ्या चाकांच्या खाचांत अडकलेले खडे काढत बसायचे आणि माझ्याशी बोलायचे. मला वाटायचं, सगळी माणसं अशीच असतात.

ते निवृत्त झाले आणि मला एका हौशी माणसानं घेतलं. हौस मिरवण्याची, चालवण्याची नव्हे. तो मला भाजी आणायला न्यायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "हिला डोंगरसुद्धा अडवत नाही बरं का!" डोंगर राहू द्या, त्यानं मला फुटपाथच्या कडेवरूनसुद्धा कधी उतरवलं नाही. एकदा डबक्यातून गेले, तर दिवसभर तोंड फुगवून बसला होता.

पुढे त्याची हौस फिटली आणि मी जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन पडले. पत्र्याच्या कुंपणाला टेकून दिवस काढू लागले. मांजरीनं बोनेटखाली पिल्लं घातली. गिऱ्हाइकं यायची आणि टायरला लाथ मारून पुढे जायची. लाथ मारून माणसांना नेमकं काय कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. "ही काही खपायची नाही, भंगारातच जाईल," असं दलाल फोनवर म्हणाला, तेही माझ्याच दाराला टेकून. फार लागलं मनाला.

अशात एका सकाळी एक कुटुंब आलं. पुढे शिंपी, गळ्यात मापाची टेप. झोपतानाही काढत नसावा. त्याच्या मागे त्याची बायको, ती नर्स. तिचा हात धरून तिच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, गुडघ्यांना शिव्या देत. आणि सगळ्यांच्या मध्ये त्यांची लेक. घरात तिला बडबडी म्हणायचे, आणि ते का, हे लगेचच कळलं.

दलालानं चहा मागवला आणि विचारलं, "गाडी कशासाठी हवीय साहेब?"

शिंप्यानं तोंड उघडायच्या आत बडबडी सुरू झाली. "आईचा दवाखाना खूप लांब आहे, नदीच्या पलीकडे. ती घरी आली ना, की आम्ही पाहुण्यांचा कप काढतो. मोठा टॉवेलपण काढतो. आणि मी आधी विचारून घेते, तू परत कधी जाणार?"

नर्सबाई हातातल्या कपाकडे बघत राहिल्या.

मग हळूहळू सगळं कळलं. दवाखान्याकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसते खडक, आणि मध्ये पूल नसलेली नदी. नर्सबाई मालट्रकमध्ये आदळत आपटत जायच्या, तशाच यायच्या. आता सगळ्यांनी तिकडेच राहायला जायचं घाटत होतं. पण लेकीची शाळा नदीच्या अलीकडे, आजींचे डॉक्टर त्याहून लांब. भरवशाची गाडी हवी. रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. गाडी मिळाली तर चौघं जाणार होती, नाहीतर नर्सबाई पुन्हा एकट्या.

दलालानं त्यांना माझ्या शेजारच्या पांढऱ्या गाडीपाशी नेलं. काय तिचा तोरा! आत भला मोठा पडदा, सीटांवर सुबक दुहेरी शिलाई. शिंप्याची नजर त्या शिलाईवरून हलेना. मग तो सरळ जमिनीवर आडवा झाला आणि त्यानं टेप लावून तिच्या पोटाखालची उंची मोजली. नंतर माझी.

"ही पांढरी चांगली बोटभर जास्त उंच आहे," तो कपडे झटकत म्हणाला. "खडक लागायचा नाही हिला. ठरलं."

"अहो, पण रिकामी मोजलीत," नर्सबाई म्हणाल्या.

"गाडी रिकामीच मोजतात."

"हो का? आणि दुकानात एखादं गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहिलं, की काय करता तुम्ही?"

"त्याला गप्पांत गुंतवतो. बोलता बोलता पोट सुटतं, मग माप..." शिंपी बोलता बोलता थांबला आणि पांढरीकडे नव्यानं पाहू लागला.

झालं! आजी आत, बडबडी आत, नर्सबाई आत. डिकीत सामानाच्या ऐवजी दलालाचे जुने टायर आणि बॅटऱ्या.

"अहो, हे काय चाललंय काय?" दलाल ओरडला.

"संसार भरतोय," शिंपी म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. पांढरीचं पोट सुटलं होतं. खाली जेमतेम मूठ जात होती.

मग माझी पाळी. आजींना माझी पायरी चढवेना. "ही गाडी आहे की माळा?" त्या करवादल्या. शेवटी दलालाच्या टेबलाखालचा स्टूल आणला, तेव्हा त्या वर आल्या. तेवढेच टायर, तेवढ्याच बॅटऱ्या माझ्यातही चढल्या. मी दमदार स्प्रिंगांची, ओझं वाहायलाच जन्मलेली. थोडीशी दबले आणि तशीच उभी राहिले. शिंप्यानं दोनदा माप घेतलं. नंतर माझ्या दारावर हलकेच थाप मारली. लाथेनंतर थाप किती गोड लागते, काय सांगू!

पण खरी परीक्षा आवारामागच्या ओढ्यात होती. शिंप्यानं चारही चाकांचा लिव्हर ओढला आणि मला चिखलात घातलं. मध्यावर जाऊन मी रुतले. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली.

काठावरून दलालानं हात हलवले. "म्हातारी झालीय हो. पुढचं गेलं असणार हिचं."

शिंप्यानं इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा पार उतरला. "राहू दे," तो बायकोला म्हणाला. "या खेपेला तू एकटीच जा. पुढे बघू काहीतरी."

मागच्या सीटवरची बडबडी गप्प झाली होती. माझा जीव तुटत होता. अरे, खाली उतरा! माझ्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खुंटी आहे. ती हातानं फिरवल्याशिवाय लिव्हर कितीही ओढा, पुढच्या चाकांना बळ पोचतच नाही. त्या हौशी माणसानं त्या मोकळ्या करून ठेवल्या होत्या, त्याला कशाला लागताहेत! पण माझं बोलणं त्यांना ऐकू कुठे येतं? हॉर्नसुद्धा स्वतःचा स्वतः वाजवता येत नाही.

नर्सबाईंनी दार उघडलं आणि कपडे वर खोचून चिखलात उतरल्या. "दवाखान्यात कुणी म्हणालं ना, मशीन बंद पडलंय, की मी आधी भिंतीतला प्लग बघते. चालू करा. हळू हं." त्या बाजूला सरून निरखत राहिल्या. "अहो, पुढची चाकं फिरतच नाहीयेत! आणि इथे काहीतरी बाण आहे."

त्यांनी खुंटी फिरवली. खट्ट! किती वर्षांनी ऐकला तो आवाज.

शिंप्यानं पुन्हा गाडी रेटली. मी तसूभरही हलले नाही. त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

तेवढ्यात मागून आजी कडाडल्या, "अरे, एका पायात चप्पल घालून कुठे निघालात? पलीकडचं चाक बघितलंत का?"

नर्सबाई फेंगडी पावलं टाकत पलीकडे गेल्या. दुसरं खट्ट! मग मात्र मी चारही चाकांनी चिखल धरला आणि त्या सगळ्यांना, टायर-बॅटऱ्यांसकट, काठावर नेऊन उभं केलं. बडबडी इतकी ओरडली की दलालानं कानांवर हात ठेवले. मला डोळे असते, तर मी तिथंच रडले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. स्टूल दलालानं आपण होऊन दिला. टपावर शिलाई मशीन होतं. नदीच्या काठावर शिंपी खाली उतरला आणि त्यानं दोन्ही खुंट्या स्वतः फिरवल्या. मग मागे वळून आईला विचारलं, "दोन्ही पायांत घातल्या, निघू ना?"

तेव्हापासून मी इथेच आहे. सकाळी शाळा, मग आजींचे डॉक्टर, कधी अडलेली बाई, कधी तापलेलं पोर. शिंप्यानं मला दुहेरी शिलाईची कव्हरं शिवलीत. त्या पांढरीनं बघावीत एकदा. सायलेन्सर खोकतो, उजवी काच अर्ध्यावर अडकते, पण सकाळी किल्ली फिरली की मी तयार असते.

तुम्हालाही कधी घरच्यांसाठी अशी गाडी निवडायची झाली, तर एवढं माझं ऐका. लाथ मारू नका. सगळ्यांना आत बसवा, सामान भरा आणि मग माप घ्या. आणि रुतलात, तर तिला म्हातारी म्हणण्याआधी खाली उतरून बघा.

आता बोलणं पुरे, नर्सबाई आल्या. त्या बघा, आवारातल्या घराच्या ओसरीवर टेकल्या. बडबडीनं चित्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "आई, चिखलाचे पाय आत आणू नकोस हं," एवढंच म्हणाली. आजींनी चहा दिला, कान तुटलेल्या रोजच्या कपात. पाहुण्यांचा कप आत फळीवर उपडा पडलाय. नर्सबाई तो तुटका कप दोन्ही हातांत धरून बसल्यात, आणि एकट्याच हसताहेत.