माईच्या विभूतीनं भाजलेलं अंग

उदगीरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या बायाच; पुरुषांना दारातच अडवलं होतं. स्टेजवर गौरीमाई. कपाळभर भस्म, अंगावर शाल, पुढ्यात चांदीची वाटी आणि वाटीत राखाडी चिखलासारखा लेप.

"केस म्हंजे काय गं बायांनो?" माई माइकमधून ओरडली. "मागच्या जन्माचं पाप! बाईच्या अंगावर उगवून येतं!"

"हाव माई!" सगळा हॉल.

गर्दीतली एक बाई वर बोलवली. तिच्या हातावर लेप थापला, माईनं माळ काढली, बाया डोळे मिटून जपाला लागल्या. थोड्या वेळानं कुजक्या अंड्यासारखा वास सुटला.

"नाक नका धरू! पाप निघून राहिलंय, तुमचंच हाय!"

मग माईनं ओल्या फडक्यानं हात पुसला. केस गायब. हात सोललेल्या केळ्यावानी गुळगुळीत. बायांनी तो हात कपाळाला लावून घेतला. एकदोघी तर रडायलाच लागल्या.

मागं खांबाला टेकून पुनम उभी होती. सतरा वर्षांची, गणिताच्या सरांशी भांडून नववीतच शाळा सोडलेली. तिला तिच्या आव्वानं, म्हणजे आई मल्लम्मानं, ओढून आणलेलं. पुनमनं डोळे मिटले नव्हते. म्हणून तिला दिसलं: माई मणी ओढत होती, पण नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. माळ अर्धीसुद्धा झाली नव्हती, तरी काटा बघून माई ओरडली, "संपूर्ण!"

"आव्वा, ही घड्याळ बघून राहिली."

"गप. लई तोंड चालतंय तुझं."

मल्लम्मानं त्या लेपाची डबी घेतली, माई त्याला विभूती म्हणायची, ती थोरल्या लेकीसाठी, अंबिकासाठी. अंबिकाचं लग्न तोंडावर आलं होतं, लातूरच्या उमाशंकरशी. माईचा हुकूम असा, की नवरीनं सगळं अंग, आतलंसुद्धा, निष्पाप करून सासरी जावं. लेप लावून एक माळ जप करावा आणि मग धुवावा.

आता अंबिका म्हणजे लिंगपूजा झाल्याशिवाय चहाला तोंड न लावणारी. ती मणी चोरेल होय? तिनं दार लावलं, जांघेत आणि खाली लेप लावला, आणि एकेका मण्यावर थांबत जप केला. मधेच आग व्हायला लागली. तिला वाटलं, पाप निघतंय. म्हणून तिनं आणखी एक माळ केली.

सकाळी तिला चालता येईना. कातडी सोलून निघालेली. मल्लम्मानं घाबरून माईला फोन लावला. पुनम शेजारीच उभी होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"जिनं काही केलंय तिचंच अंग जळतं," माई म्हणाली. "लिंबू-मीठ लाव. रविवारी सभेत घेऊन ये, सगळ्यांसमोर कबूल करू दे."

मल्लम्मा फोन ठेवून पोरीपुढं बसली. "काय केलीस गं? कोणासंगं?"

अंबिका नुसती रडत होती. पुनमच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं आईच्या हातातलं लिंबू हिसकून अंगणात भिरकावलं.

"भाजलीय ती, आव्वा! चुलीवर हात भाजला असता तर विचारलं असतंस का, कोणासंगं?"

ती बहिणीला ऑटोत घालून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं, शिवकांता मॅडमकडं घेऊन गेली. मॅडमनी अंबिकाला तपासलं, औषध लावलं, मग डबी उघडून वास घेतला.

"कटलरीच्या दुकानात मिळते ती केस काढायची पावडर आहे ही. वर भस्म आणि चंदन कालवलंय. केस आणि वरची कातडी एकाच पदार्थाची बनलेली. ही पावडर आधी केस विरघळवते, आणि ठेवली तर मग कातडी. ही त्या नाजूक जागेसाठी नाहीच. किती वेळ ठेवलीस?"

"दोन माळा, मॅडम."

"भरभर?"

"न्हाई. मनापासून."

पुनमला तिथंच उमगलं. माई घड्याळ बघून जप तोडायची, म्हणून स्टेजवर कोणी भाजत नव्हतं. घरी जिनं खोटेपणा केला ती वाचली. जी खरीखुरी भक्त, तीच जळली. आणि वरून पापी ठरली.

रविवारी पुनम अंबिकाला धरून थेट स्टेजवर चढली. आदल्या दिवशी तिनं डबीतला लेप मनगटावर थोडासा लावून, केस किती वेळात जातात ते घड्याळावर बघितलं होतं; आग झाली नव्हती. आता सगळ्यांसमोर तिनं उजव्या हाताला माईचा लेप लावला, डाव्याला मठातलं साधं भस्म कालवून लावलं.

"डाव्या हातासाठी समद्यांनी जप करा. उजव्याचं मी बघते." आणि ती भाजीबाजारातल्या बाईसारखी ओरडायला लागली, "भेंडीऽऽ घ्या! गवार घ्या! ताजी वांगी!"

"नास्तिक! हात झडंल तुझा!" माई किंचाळली.

"हात न्हाई माई, केस झडतील. थांबा की जरा."

घड्याळाकडं बघत तिनं वेळेवर दोन्ही हात पुसले. जपाच्या हातावर केस जसेच्या तसे. भेंडीचा हात साफ. हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं.

माईनं माइक ओढला. "हिची बहीण पापी हाय! विचारा तिला, कुठं भाजलंय!"

चारचौघांत कधी मान वर न करणारी अंबिका पुढं आली. तिनं माइक घेतला.

"जांघेत भाजलंय. अन् खाली. मी कसलं पाप केलं न्हाई. मी तुमचा जप केला."

मग मागं काठी टेकत म्हातारी साखराबाई उठली.

"माझी सून बी अशीच भाजली. पापी म्हणून तिला माहेरी हाकलली मी."

मग आणखी एक उठली. मग एकदम बऱ्याच. माई वाटी शालीत घालून मागच्या दाराकडं निघाली, तर दारात बायाच उभ्या राहिल्या. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. बायांतून उठून मल्लम्मा स्टेजवर चढली, अंबिकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "लग्नाची तारीख पुढं ढकलू. आधी तू बरी हो, बाय."

पुनमचा राग अजून उतरला नव्हता. तिनं माइक उचलला.

"ऐका! केस कुठल्या जन्माचं पाप न्हाईत. ठेवायचे तर खुशाल ठेवा, कात्रीनं बारीक करा. क्रीमच लावायची तर डब्यावर लिहिलेलं वाचा, कुठं चालती अन् कुठं न्हाई. आतल्या भागाला, जखमेवर, सोललेल्या जागी लावायची न्हाई. आधी जराशी लावून एक दिवस वाट बघा. वेळ घड्याळावर मोजा, माळेवर न्हाई. आग झाली की तिथंच धुवा, भरपूर साध्या पाण्यानं. लिंबू न्हाई, मीठ न्हाई. अन् दुखत असंल तर डॉक्टरला दाखवा. तिथली कातडी बी कातडीच हाय, लाजता कशाला?"

साखराबाई काठी टेकत पुढं आली. "पोरी, हे फोनवर माझ्या सुनंला सांगतीस का? माझं ऐकायची न्हाई ती."

"मी कशाला सांगू, आज्जी?" पुनम म्हणाली. "तिला तुम्ही हाकललं. तुम्हीच जा तिच्या दारात. आधी माफी मागा, मग दवाखान्यात न्या."