मुलीचा नंबर

चूक सापडायला त्याला अकरा मिनिटं लागली. अकराच. म्हणजे महिन्यापूर्वीही तेवढीच लागली असती.

वृद्धाश्रमाचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलेलं. नातेवाइकांचे नंबर ऑफिसातल्या बाई टाकत. सॉफ्टवेअर ते जेसन नावाच्या साच्यात, आधी लेबल आणि पुढे माहिती असे मांडून नर्सच्या फोनवर पाठवी. आपल्या शहाण्याने एकाच माणसाच्या दोन नातेवाइकांच्या नंबरांना एकच लेबल दिलं होतं. एकाच लेबलाचे दोन नंबर आले की नर्सचा फोन दुसरा ठेवी आणि पहिला बिनबोभाट टाकून देई.

महिन्यापूर्वी एका आजोबांची तब्येत भर दुपारी बिघडली. नर्सला दिसला तो परदेशातल्या मुलाचा नंबर, आणि तो काही केल्या लागेना. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मुलगी संध्याकाळी नेहमीसारखी आली, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मी दोन्ही नंबर टाकले होते हो," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या होत्या. त्यांचा स्क्रीन बघायची तसदीही न घेता त्याने सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "सॉफ्टवेअर आपणहून काही पुसत नाही, बाई."

आज नर्सने आणखी एका आजींचा एकच नंबर दिसतोय म्हणून तक्रार केली, तेव्हा कुठे साहेबांनी स्वतःचा कोड उघडला. दोन्ही नंबर त्याने एका यादीत घातले. यादीच्या दोन्ही टोकांना चौकोनी कंस, बस. करून पाहिलं, दोन्ही दिसले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'किरकोळ सुधारणा' असं लिहून मोकळं व्हावं, कोण विचारतंय, असंही मनात येऊन गेलं. त्याचीही लाज वाटली. तो उठून बाईंच्या टेबलापाशी गेला.

"तुम्ही दोन्ही नंबर टाकले होते. चूक माझी होती."

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "हात जोडून माफी मागितली. तुम्ही इतकं ठामपणे बोललात, मलाही वाटायला लागलं की माझ्याच हातून राहिला असेल."

तो मान खाली घालून म्हणाला, "मी तिला पत्र लिहितो."

"पत्र नको. फोन करा. इथूनच, माझ्यासमोर."

बाईंनी ऑफिसचा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने नंबर फिरवला. कुठून सुरुवात करावी, याची जुळवाजुळव तो मनात करू लागला. पण त्याला तेवढा वेळ मिळालाच नाही.

पहिल्याच रिंगला तिने फोन उचलला.