तळघरातला डावखुरा

एप्रिल सरत आला, कूपर्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र फिरू लागलं की एमिल प्रोहास्काची झोप उडायची. त्याची बायको लोरेन म्हणायची, "मालक घोरत पडतो, मॅनेजर घोरत पडतो, मग तुलाच काय धाड भरलीय?" पण एमिलला पिचरांची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांची, काळजी असायची. दर वसंतात तो म्हणायचा की यंदा आपल्याकडे चेंडू फेकणारं कुणी नाही, आणि दर ऑगस्टमध्ये ते खरं ठरायचं. खरं ठरलं की त्याला वाईट वाटायचं. पण अगदी आतून, कुणाला सांगता येणार नाही असं, थोडं बरंही वाटायचं.

कूपर्स हा काही मोठा संघ नव्हता. मोठ्यांनी टाकून दिलेले, नाहीतर ज्यांना कधी कुणी उचललंच नाही असे खेळाडू आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात येऊन उन्हाळाभर खेळायचे. पगार इतका तुटपुंजा की खोलीचं भाडंही निघायचं नाही. म्हणून गावातली कुटुंबं एकेक खेळाडू आपल्या घरी ठेवून घ्यायची. एमिल आणि लोरेनला मूलबाळ नव्हतं. त्यांच्या तळघरात एक पलंग, एक जुना फ्रीज आणि धुण्याचं यंत्र होतं. एमिलची अट एवढीच, की माणूस पिचर हवा. फलंदाज त्याला घरात चालत नसे. "ते खातात जास्त आणि बोलतात बॅटबद्दल," असं तो म्हणे.

कोल्बी रेनर या तळघरात लागोपाठ चार उन्हाळे राहिला होता. आर्कान्सामधला, तिशी ओलांडलेला, लांब हातांचा डावखुरा. बोलणं हळू आणि अदबीचं. लोरेनला तो 'मिस लोरेन' म्हणायचा, एमिलला 'सर'. रविवारी न सांगता भांडी घासायचा. लोरेन त्याच्यासाठी खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, करायची आणि शेजारणींना सांगायची, "आमचा मुलगा आला की घर कसं भरतं."

यंदा मॅनेजर नवा होता. स्टब्स त्याचं नाव. हिवाळाभर त्याने नुसते दांडगे फलंदाज गोळा केले. पेपरात एकेक नाव आलं की एमिल बशी बाजूला सारायचा. "घराला दार नाही आणि हा झुंबरं विकत आणतोय! शेवटच्या दोन डावांत समोर डावखुरा फलंदाज उभा राहिला, की फेकणार कोण?"

डावखुऱ्या फलंदाजाला आवरायला डावखुरा पिचरच लागतो, हे त्या गावात शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. संघात तसा एकच होता, कोल्बी. पण लीगचा नियम असा, की जुनेजाणते खेळाडू मोजकेच ठेवायचे, बाकी नवी पोरं. जुन्यांच्या जागा भरत आल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी दोघे होते. एक कोल्बी, दुसरा मॅकएलरॉय नावाचा दांडगा फलंदाज, ज्याने मारलेला चेंडू कुंपणापलीकडे पेट्रोल पंपावर जाऊन पडत असे. सोमवारी यादी जाहीर व्हायची होती.

कोल्बीला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. हे त्यालाही माहीत होतं, एमिललाही. जेवताना त्यावर कुणी बोलत नसे.

आणखी एक गोष्ट त्या घरापलीकडे कुणाला माहीत नव्हती. मागच्या ऑगस्टमध्ये कोल्बीचं कोपर धरलं होतं. सामना संपला की तो तळघरात बर्फाच्या बादलीत हात घालून बसायचा; सकाळी कॉफीचा कप उजव्या हाताने उचलायचा. संघाला त्याने सांगितलं नाही. हिवाळ्यात गावाकडच्या डॉक्टरकडून इंजेक्शनं घेतली. फेब्रुवारीत त्याचा फोन आला होता. "मिस लोरेन, आता दुखत नाही. पण ही गोष्ट तुमच्या दोघांजवळच राहू दे." आणि खरंच, आता तो झकास फेकत होता. एमिल रोज सरावाला जाऊन, कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून बघत होता.

शनिवारी सकाळी बेकरीत गावच्या रेडिओचा कार्यक्रम असायचा. हंगामाआधी महिनाभर डेनी नावाचा निवेदक मायक्रोफोन घेऊन यायचा, म्हाताऱ्यांच्या टेबलावर मांडायचा, आणि मग संघाची चिरफाड चालायची. स्टब्ससुद्धा गाडीत हे ऐकतो, असं बेकरीवाली शपथेवर सांगायची. म्हणून त्या शनिवारी एमिल इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. जिन्यावर त्याला कोल्बी भेटला.

"काळजी करू नकोस," एमिल म्हणाला. "आज मी बोलतो तुझ्यासाठी."

"थँक यू, सर," कोल्बी म्हणाला. मग जरा थांबून, "फार नका बोलू."

एमिल हसला.

टेबलावर लॅड कुबिचेक आधीच बसला होता. लॅड आणि एमिल मक्याच्या गिरणीत एका पाळीला होते, आणि तेव्हापासून कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं नव्हतं.

"आले पिचरांचे वकील," लॅड म्हणाला. "डेनी, मायक्रोफोन जरा त्याच्याकडे सरकव, म्हणजे आपल्याला निवांत खाता येईल."

एमिलने सुरुवात छान केली. फलंदाज किती झाले, पिचर किती कमी पडतात, मागच्या वर्षी शेवटच्या डावांत किती सामने हातचे गेले, सगळं त्याने शांतपणे मांडलं. डेनी मान हलवत होता. काउंटरपाशी उभे असलेले दोघे-तिघे कागदी पिशव्या हातात धरून ऐकत राहिले. एमिलला वाटलं, आज जमतंय.

"म्हणजे शेवटची जागा रेनरला द्यावी, असं तुमचं म्हणणं?" डेनीने विचारलं.

"दुसरं काय असणार?" लॅड मध्येच म्हणाला. "जावई आहे तो त्यांचा! अरे, ऑगस्टमध्ये त्याला कुणीही बडवत होतं. माझ्या आजीने बडवलं असतं."

"तुझी आजी डावखुरी होती का?"

लोक हसले. पण लॅड सोडणारा नव्हता. "विषय बदलू नकोस. तो संपलाय, एमिल. हातात जीव नाही राहिला. तुला ते दिसत नाही, कारण तो तुझी भांडी घासतो."

यावर जास्त जण हसले. बेकरीवालीही हसली. एमिलच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"तुला काय कळतंय संपला की काय ते!" तो म्हणाला. "ऑगस्टभर त्याचं कोपर सुजलेलं होतं. माझ्या तळघरात बर्फात हात घालून बसायचा तो! कप उचलता येत नव्हता त्याला, आणि तरी रोज जाऊन फेकत होता. एक शब्द कुणाला बोलला नाही. हिवाळ्यात इंजेक्शनं घेऊन बरा झालाय. मोडक्या हाताने जो इतकं फेकतो, तो धडधाकट झाल्यावर काय फेकेल, सांग बघू? सांग!"

लॅडने कॉफीत साखर घातली आणि ढवळत बसला. डेनी हळूच म्हणाला, "हे आम्हाला माहीत नव्हतं, मिस्टर प्रोहास्का."

"नव्हतंच माहीत," एमिल म्हणाला.

जिंकल्याच्या आनंदात तो घरी चालत आला. जर्दाळूचे कोलाचे घेतले होते, कोल्बीला आवडायचे म्हणून. लोरेन स्वयंपाकघरात उभी होती. रेडिओ बंद होता, पण तिचा हात अजून बटणावर होता.

"त्याने कुणाला सांगितलं होतं ते?" तिने विचारलं.

"काय?"

"कोपराचं. कुणाला सांगितलं होतं, एमिल?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हातातली पिशवी त्याने टेबलावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"मी त्याच्या बाजूनेच बोललो," तो म्हणाला.

"तू लॅडच्या विरुद्ध बोललास."

"स्टब्सला कळू दे की पोरगा किती चिवट आहे..."

"स्टब्सला एवढंच कळलं, की हा दुखणं लपवतो."

कोल्बी दुपारी सरावावरून लवकर परतला. त्याने मागच्या दाराशी बूट झटकले, नेहमीसारखे. स्टब्सने त्याला खोलीत बोलावून दोनच प्रश्न विचारले होते. हे खरं का, आणि खरं असेल तर सांगितलं का नाहीस. सोमवारपर्यंत थांबायचंही कारण उरलं नव्हतं. जागा मॅकएलरॉयला गेली.

"कोपराचा एक्स-रे काढून बघ म्हणावं त्याला," एमिल म्हणाला. "बरं झालंय ना ते? मी येतो तुझ्याबरोबर. मी सांगतो त्याला."

"नको, सर."

"मग दुसरा एखादा संघ. डाव्या हाताचे पिचर कुणाला नको असतात? इलिनॉयमध्ये—"

"मैदानावरूनच फोन केला होता मी त्यांना. त्यांनी रेडिओ ऐकला होता." कोल्बीने टोपी काढली आणि तिच्यातली धूळ बघत राहिला. "आता सगळं सगळीकडे ऐकू येतं."

एमिलला वाटलं, याने आता दोन शिव्या घालाव्यात. एखादी खुर्ची आपटावी. पण कोल्बीला तसलं काही शिकवलेलंच नव्हतं.

"तुम्ही माझ्या बाजूनेच बोललात, सर," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

त्याचं सामान दोन पिशव्यांत मावलं. लोरेनने वाटेसाठी हॅम सँडविच बांधून दिले आणि त्याच्या गळ्यात पडून बराच वेळ उभी राहिली. एमिलने पिशवी उचलायला हात पुढे केला, तेव्हा कोल्बीने ती डाव्या हाताने, अगदी सहज उचलून ट्रकमध्ये टाकली. कोपर खरंच बरं झालं होतं. जर्दाळूचे कोलाचे टेबलावरच राहिले.

आठवडाभर लोरेन कामापुरतं बोलली. मीठ दे. दार लाव. शनिवारी एमिल बेकरीत गेला नाही. लॅडचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. "अरे, मी आपला नेहमीसारखा चिडवत होतो. मला काय माहीत, तू..." एमिलने फोन ठेवून दिला.

हंगाम सुरू झाला. कूपर्सने पहिल्या तीन सामन्यांत धावांचा पाऊस पाडला आणि तिन्ही सामने शेवटच्या डावांत घालवले. समोर डावखुरे फलंदाज आले आणि फेकायला कुणी नव्हतं. एमिलचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. पेपर वाचून त्याने तो घडी घालून ठेवला. या खेपेला ते आतलं थोडं बरं वाटणं शोधूनही सापडलं नाही.

मग एका सकाळी संघाच्या कचेरीतून मार्सीचा फोन आला. लोरेन ओट्यापाशी कणीक मळत होती. फोन एमिलनेच घेतला.

"मिस्टर प्रोहास्का, विचारायला संकोच वाटतोय," मार्सी म्हणाली. "घाईघाईने एक नवा मुलगा घेतलाय. उद्या येतोय. सगळी घरं भरलीत. तुमचं तळघर... म्हणजे, तुम्हाला जमणार नसेल, तर मला कळतं."

एमिलने लोरेनकडे पाहिलं. तिने मळणं थांबवलं होतं, पण मान वळवली नव्हती. तळघरातल्या पलंगावरची कोल्बीची चादर तिने अजून काढली नव्हती. आपण काय म्हणायला हवं, हे एमिलला पुरतं ठाऊक होतं. माफ कर, मार्सी, एवढंच. शब्द जिभेवर आलेही होते.

"पिचर आहे का?" त्याने विचारलं.

"हो."

"डावखुरा?"

लोरेनने हाताची कणीक पुसली, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि ती खाली चादर काढायला गेली.